चुलीत गेलेली आगळ

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे, पण मला कुणी वही म्हणत नसे. कुंभवलीच्या देवळात मला 'बुवांची पोथी' म्हणत, आणि हात लावण्याआधी हात धुऊन येत. आज माझ्याकडे पाहून तुम्हाला हे खरं वाटायचं नाही. कडा कुरतडल्यात, शिवण सुटलीय, आणि अंगाला कापराचा वास येतो तोही आता जुनाच झालाय.

बोईसर स्टेशनजवळच्या दुकानात मी जन्मले असं म्हणायला हरकत नाही, कारण त्याआधीचं मला आठवत नाही. दोनशे पानी, आखीव रेघांची. मला विकत घेतलं भगवंतबुवांनी. सांगलीकडून आलेले हे गृहस्थ कापड रंगवण्याच्या कारखान्यात कामाला होते. दिवसा रंगाची पिंपं आणि एकादशीला कीर्तन. आपल्या गुरूंच्या तोंडून ऐकलेली आख्यानं ते पाळीवरून आल्यावर माझ्यात उतरून काढत. नखांतला निळा रंग काही केल्या जायचा नाही. माझ्या सतराव्या पानावर त्यांच्या अंगठ्याचा निळा ठसा अजून आहे. मी तो दागिन्यासारखा जपलाय.

काय दिवस होते ते! बुवा उपरणं खांद्यावर टाकून उभे राहत, त्यांच्या पत्नी इंदुबाई मागे झांज धरत. मी चौरंगावर उघडी. खरं सांगायचं तर बुवा माझ्याकडे फारसं बघतच नसत. आख्यानात एखादा जुना, अनोळखी शब्द आला की त्यांचे हात बोलत. हातांनीच ते रांजण उचलत, नाव वल्हवत, जातं ओढत. कारखान्यातून थकून आलेल्या माणसांना न विचारता अर्थ कळे. म्हणून तर माझ्यात कुठल्याच शब्दाचा अर्थ लिहिलेला नाही. तेव्हा गरजच पडली नव्हती.

मग इंदुबाई गेल्या. बुवांनी झांज खुंटीला टांगली, मला लाल फडक्यात बांधलं आणि फळीवर ठेवलं. हळूहळू त्यांची नजरही गेली. भाड्याच्या त्या खोलीचं दार भर दुपारीही कडी लावलेलं असे. फळीवर मी, खाली खाटेवर ते. दोघं एकाच खोलीत, आणि दोघंही एकटे. सात वर्षं मला कुणी उघडलं नाही. फडक्याच्या आत दिवस आणि रात्र यांत फरक कळत नाही, मित्रांनो. बाहेर कारखान्याच्या बस थांबल्या की माणसांचे आवाज येत, मला वाटे, आज एकादशी असेल. पण कुणी येत नसे.

दाराची कडी दोघींसाठीच निघे. एक शेजारच्या खोलीतली प्रतीक्षा. सातवीत शिकणारी ही पोर आईने दिलेली भाकरी-भाजी घेऊन येई. दुसरी तारापूरची पुष्पलता. मासे विकून परत जाताना ती बुवांच्या उंबऱ्याशी घटकाभर टेके. पूर्वी तिने बुवांची कितीतरी कीर्तनं ऐकली होती.

"टोपली बाहेर ठेव गं बाई," बुवा आतून ओरडत. गळ्यात माळ होती त्यांच्या.

"रिकामी हाय बुवा! वासाला काय करू, तो माझ्याच अंगाचा हाय!" ती हसे आणि तांब्याभर पाणी घटाघटा पिई.

एका रविवारी बुवा तिला म्हणाले, "पुष्पलता, तुझ्या नवऱ्याला, धर्मेशला सांग, होडीतून माझी पोथी घेऊन जाईल का? खोल पाण्यात सोडायची आहे."

आपल्याकडे जीर्ण पोथी रद्दीत घालत नाहीत, वाहत्या पाण्यात किंवा समुद्रात सोडतात. तो मान असतो, हे मला ठाऊक आहे. पण मित्रांनो, मान असला तरी बुडणं ते बुडणंच.

"का सोडता?" प्रतीक्षाने ताट खाली ठेवत विचारलं. "मी वाचते की!"

"तुला नाही झेपायची ती. जुने शब्द आहेत."

"अडले तर तुम्हाला विचारीन."

"आणि मी नसलो म्हणजे?" बुवांचा आवाज कोरडा झाला. "अक्षरं हिच्याजवळ आणि अर्थ माझ्याजवळ. मी गेलो की उरते ती नुसती शाई. त्यापेक्षा माझ्या हातांनी निरोप दिलेला बरा."

"न विचारता वाचलं तर?"

बुवांनी मान तिच्या आवाजाकडे वळवली. मग म्हणाले, "वाच. पण मी एक अक्षर सांगणार नाही. अडलीस, की पोथी पुष्पलताबरोबर जाईल."

सात वर्षांनी माझी गाठ सुटली. उजेड डोळ्यांत टोचला. प्रतीक्षाने नेमकं सतरावं पान उघडलं, निळ्या ठशाचं. एका गरीब जोडप्याच्या दारी कुडकुडणारा पाहुणा येतो, त्याचं आख्यान. ती अडखळत वाचू लागली.

"थंडी हाडांत शिरत होती. सरपण संपले होते. घरात काटकीही उरली नव्हती. तेव्हा त्या माउलीने आगळ काढली आणि चुलीत सारली..."

ती थांबली. "आगळ? मोबाईलवर बघू का? अरे, तो तर बाबांबरोबर ड्युटीवर गेलाय."

बुवा भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"चुलीत सारली म्हणजे..." तिने बोट ओळीवर दाबून धरलं. "गोवरी!"

"नाही," बुवा म्हणाले. खूप हळू म्हणाले. त्यांनाही ते नको होतं, हे मला कळलं. "बांध तिला, बाळ."

प्रतीक्षाचे डोळे भरले. एक थेंब माझ्यावर पडला. फडक्याचं टोक तिच्या हातात होतं, तेवढ्यात उंबऱ्यावरून पुष्पलता बोलली, "थांब गं. बुवा, तुमी नाय सांगायचं म्हणालात. मला तर कोणी अडवलं नाय ना? मला पण तो शब्द आठवत नाय, पण एक सांगते. माझा नवरा खोल पाण्यात जाळं लावून येतो. पाण्यावर काय पाटी लावलेली असते? तरी दुसऱ्या दिवशी बरोबर तिथंच जातो. कसा?"

"कसा?"

"किनाऱ्याकडं बघतो. पुढं देवळाचा कळस, मागं उंच ताड. दोनी एका रेघेत आले की खाली जाळं. नुसता कळस बघून गेला तर दिवसभर पाण्यात फिरत बसेल येड्यासारका. तू नुसता कळस धरलास. ताड कुठं हाय?"

प्रतीक्षाने नाक पुसलं. मागची ओळ पुन्हा वाचली. मग, पहिल्यांदाच, न थांबता पुढची वाचली.

"पाहुण्याच्या अंगात ऊब आली. त्या दिवसापासून त्या घराचे दार पुन्हा कधी लागले नाही."

तिचं बोट आधी 'चुलीत' या शब्दावर गेलं, मग 'दार' या शब्दावर. मग तिने मान वर करून बुवांच्या दाराच्या कडीकडे पाहिलं.

"जळते, म्हणजे लाकूड. आणि ते गेलं तर दार लागत नाही..." ती उठूनच उभी राहिली. "आजोबा, दार बंद करायला आतून आडवं लावतात ते लाकूड! त्यांनी तेच जाळलं!"

बुवा भिंतीकडेच तोंड करून होते. पण त्यांचे हात उठले. सात वर्षांनी उठले. दोन्ही हातांनी त्यांनी हवेतलं जड लाकूड धरलं, सावकाश एका बाजूला सरकवलं आणि काढून घेतलं. देवळात काढत असत, अगदी तसंच.

"आगं बाई, हीच ती!" पुष्पलताने टोपली उचलली. "जाते मी. धर्मेशला सांगते, होडीत तुमचं सामान नाय."

प्रतीक्षाने पेन्सिल काढली, समासात अर्थ लिहायला. बुवांना तिची खरखर ऐकू आली. "लिहू नकोस," ते म्हणाले, "पुढच्यालाही कळस नि ताड शोधू दे." निघताना सवयीने ती दार ओढून घेऊ लागली, तेव्हा म्हणाले, "राहू दे. उघडंच असू दे."

तेव्हापासून मी चौरंगावर आहे. प्रतीक्षा शाळेतून येईपर्यंतची दुपार अजून लांब असते. बुवा झोपलेले असतात आणि उघड्या दारातून येणारा वारा माझं सतरावं पान हलवत राहतो. एकटं वाटतं, नाही असं नाही. पण आता मी वाट पाहत असते, आणि फडक्यात वाट पाहता येत नव्हती.

तुमच्याही घरात फळीवर कुणीतरी बांधून ठेवलेलं असेल, मित्रांनो. गाठ सोडा. शब्द अडला तर घाईने मिटू नका, त्याच्या पुढचं वाचा, मागचं वाचा. आणि हात तेवढे धुऊन या.