एकशेपाच संत्री

१९६१च्या जानेवारीत मी अमरावतीहून अकोल्याच्या कापूस बाजारात गेले. कोणी बघत नसताना माणसे किती खोटे बोलतात, ते मोजायचे होते.

प्रयोग साधा होता. टेबलावर पेटी, पेटीत फासा, वर रुमाल. एकेका दलालाने रुमालाखाली हात घालून फासा टाकायचा, स्वतःच डोकावून बघायचे आणि आकडा मला सांगायचा. जितका आकडा, तितकी संत्री. मी पाठ करून बसणार. तीस जण खरे बोलले तर सरासरी साडेतीन येते, म्हणून मोजून एकशेपाच संत्री नेली होती. महिनाअखेर माझे मार्गदर्शक वामनराव सर यांच्या सहीने अहवाल गेला, तरच मला शिष्यवृत्तीचे दुसरे वर्ष मिळणार होते.

तिसावा आकडा लिहून मी बेरीज केली. एकशेपाच. टोपलीत एकही संत्रे उरले नव्हते. खुशीतच पेटी आवरायला घेतली, तर ती रिकामी. फासा सकाळपासून माझ्या चष्म्याच्या डबीत होता.

पेटीजवळ जानराव बसले होते, बाजारातले सर्वांत जुने दलाल.

“जानराव, पेटीत फासा नव्हता.”

“नव्हताच.”

“मग कोणी बोललं का नाही?”

“रुमाल होता ना, बाई. आमाले वाटलं, हे आपलंच काम.”

त्या बाजारात दोघे जण रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवतात. रुमालाखाली एकटा हात जाऊ शकतो, हे तिथे कोणाला सुचलेच नव्हते. प्रत्येकाच्या हाताबरोबर दुसरा हात जानरावांचा होता.

“टोपली पाह्यली, मानसं मोजली,” ते म्हणाले. “कोनाले कमी पडलं असतं त तुमची फजिती झाली असती. म्हून बोटं दाबून आकडे बसवून देले.”

“मग यादीतल्या या पुंजाजींना सहा का?”

“घरी सहा लेकरं हायेत.”

“आणि देवरावांना एकच?”

“त्याले खोकला हाये. तो त एकबी नाई म्हने, पन तुमच्या फाशाले शून्य नसते.”

“पण हे खोटं झालं.”

“कोनाले फसवलं, सांगा.”

“मला.”

“काहून? तुमाले त वाचवून राहिलो आमी!”

अमरावतीला सरांनी बेरीज बघून टेबलावर थाप मारली. “साडेतीन! अकोला प्रामाणिक आहे.”

“सर, पेटीत फासा नव्हता.”

“फाशाने आली असती तीच बेरीज आहे ना?”

“हो.”

“मग फाशाचं एवढं काय?”

तरी त्यांनी विभागातल्या आणखी दोन प्राध्यापकांना बोलावले. एक म्हणाले, फासा असावा. दुसरे म्हणाले, असता तर बरे झाले असते. चहा झाल्यावर तिघांनी एकमताने ठरवले की फासा होता, आणि अहवाल माझ्यापुढे सरकवला.

मी ‘साहित्य’ या रकान्यातला ‘फासा’ खोडला आणि लिहिले : ‘रुमाल, दोन हात.’ सरांनी सही केली नाही.

शिष्यवृत्ती बंद झाल्याचे पत्र गुरुवारी आले. कारण एका ओळीत होते : प्रयोगासाठी दिलेला फासा संशोधिकेने हरवला. खाली तिघांच्या सह्या होत्या.