सात नंबरचे अकरा दिवस

मामीच्या सशांच्या शेडमध्ये चोवीस पिंजरे होते: एकवीस माद्या, दोन नर आणि एक रिकामा. तो रिकामा पिंजरा मामीच्या डोळ्यांत सलायचा.

सात नंबरची ससीण आदल्या दिवशी व्याली होती. पिल्लं चार. तिच्या पाटीवर आधीच्या दोन वेतांचे आकडे होते: नऊ, सात. तिचं स्वतःचं वजन तीन किलो नऊशेवरून तीन किलो दोनशेवर आलं होतं.

"चल, हिला नराकडे नेऊ," मामी म्हणाली. तिचा नियमच होता: आज वेत, उद्या नर.

"मामी, दूध पाजतेय तोच ही पुन्हा गाभण राहते. अंग धरायला वेळच मिळत नाही. पुस्तकात दिलंय तसं अकरा दिवस थांबू या," मी म्हणाले.

"अकरा दिवस नुसती बसून खाणार? माहेरपणाला आलीय का?"

"फक्त हिच्यावर करून बघू."

"बघ. पण पुढच्या वेताला सहापेक्षा कमी झाली, तर ही खाटकाच्या गाडीत. मग टिपं गाळायची नाहीत."

सात नंबर माझ्या हातून खायची, हे मामीला ठाऊक होतं.

रोज मूठभर खुराक वाढवला. अकराव्या दिवशी मी नराला उचललं आणि थेट तिच्या पिंजऱ्यात सोडलं. तिने गुरगुरत त्याच्या पाठीचे केस उपटले. बिचारा जाळीला चिकटून बसला.

मामी पोट धरून हसली. "शास्त्रज्ञबाई, तिच्या घरात घुसल्यावर ती मारणारच! तिला त्याच्याकडे न्यायचं असतं. एवढं पुस्तकात नव्हतं?"

होतं. ते पान मी घाईत उलटलं होतं.

मग तिला नराच्या पिंजऱ्यात नेलं. मिनिटभरात नर धप्पकन कुशीवर पडला.

"पडला गडी. झालं काम," मामी म्हणाली.

त्यानंतर बाराव्या दिवशी मामीने सात नंबरच्या पोटाखाली हलकेच बोटं फिरवली. "द्राक्षं लागतायत हाताला, गाभण आहे ही. किती ते विचारू नकोस."

नराकडे नेल्यापासून एकतिसाव्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये पोहोचले, तर मामी आधीच सात नंबरच्या विण्याच्या पेटीपाशी उभी. आत ससिणीने उपटून अंथरलेल्या केसांचा ढीग हलत होता.

"तूच मोज गं. मी मोजलं तर म्हणशील, मामीने लबाडी केली."

मी दोनदा मोजलं, मग स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला.

पिल्लं नऊ, सगळी जिवंत. सरासरी वजन अठ्ठावन्न ग्रॅम. सात नंबर: तीन किलो आठशे.