सासुरवाडीने दिलेलं नाव

पाओ खांगच्या ओळखपत्राचा खालचा डावा कोपरा सुटत आला होता. बाकीचे तीन कोपरे नव्यासारखे घट्ट होते. सेंट पॉल या अमेरिकन शहरातल्या पाणी-तपासणी प्रयोगशाळेत तो ते दिवसभर गळ्यात घाली आणि संध्याकाळी घरासमोर गाडीतून उतरण्यापूर्वी त्याच कोपऱ्याला धरून उलटं करी. त्यावर नाव होतं ‘पॉल’.

घरी तो निया पाओ होता. आग्नेय आशियातून इथे येऊन वसलेल्या ह्माँग लोकांत माणूस संसारी झाला, बापपण आलं, की सासुरवाडीची माणसं त्याच्या नावाला थोरपणाची जोड देतात. पाओलाही ‘निया’ ही जोड मिळाली होती. त्या दिवशी डुक्कर कापलं गेलं, मनगटावर पांढरे दोरे बांधले गेले, गोतावळा पोटभर जेवला. फक्त कोर्टात जाऊन ते नाव कायदेशीर करायचं राहिलं होतं. विषय निघाला की पाओ म्हणे, “पुढच्या वर्षी बघू.” कागद बदलले की ऑफिसात सांगावं लागणार, आणि तेच त्याला नको होतं.

मार्चमध्ये सासूबाई बर्फावरून घसरल्या. हात मोडला. दवाखान्याने त्यांना विचारलं, कुणाला बोलावू? त्यांनी जावयाचं नाव ‘निया पाओ’ आणि कामाची जागा सांगितली. प्रयोगशाळेत मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून फोन स्वागतकक्षात गेला. तिथल्या नव्या मुलीने यादी पाहून नम्रपणे सांगितलं, “या नावाचं इथे कुणी नाही.”

सासूबाई प्लास्टर घालून दिवेलागणीपर्यंत बाकावर बसून राहिल्या.

“जावईबापू,” घरी आल्यावर त्यांनी विचारलं, “तुमच्या ऑफिसात माझा जावई मेला की काय?”

“आई, चूक माझी आहे. तिथे मला पॉल म्हणतात.”

“हा कोण पॉल?”

“तोच गं, जो पगार आणतो,” पाओची बायको येर भाताचं भांडं ठेवत म्हणाली.

पाओ ओशाळला. “त्यांना आपली नावं जड जातात, आई. म्हटलं, कशाला लोकांना त्रास?”

“पाण्यातल्या जंतूंची नावं घेता ना तुम्ही तिथे? येर सांगते, हातभर लांब असतात.”

“असतात.”

“मग ती कशी जमतात सगळ्यांना?”

“शिकावी लागतात.”

“म्हणजे जंतूंचं नाव शिकायचं आणि माझ्या जावयाचं मात्र जड!” येर हसली, पण सासूबाई हसल्या नाहीत. “बापू, ते नाव आम्ही मिरवायला दिलं नव्हतं. या नावाने हाक मारली की आपला माणूस येईल, या भरवशाने दिलं होतं. आज मी हाक मारली. तुम्ही आला नाहीत.”

पाओला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो शेजारच्या टेबलावरच्या मार्लीसकडे गेला. प्रयोगशाळेतली ती सगळ्यांत जुनी.

“कोर्टात माझी साक्षीदार होशील? दोन लागतात. एक मेव्हणा आहे.”

“अरे देवा! काय करून ठेवलंस, पॉल?”

“नाव बदलतोय. आणि पॉल हे माझं नाव कधी नव्हतंच. मी रुजू झालो तेव्हा तूच म्हणालीस, या शहरात राहायचं तर पॉलच बरं.”

मार्लीसने हातातली नळी स्टँडवर ठेवली. “ती गंमत होती रे! आणि तू इतकी वर्षं गप्प बसलास?”

“तुला वाईट वाटलं असतं.”

“मग आता काय बरं वाटतंय? चल, म्हण. हळू म्हण. मी शिकते.”

तिने ते नाव तोंडात बसेपर्यंत घोकलं. दुपारपर्यंत सगळी प्रयोगशाळा ते म्हणू लागली होती. कुणी अडखळत, कुणी चुकत, पण म्हणत होती!

मित्रहो, आपल्याही कचेरीत असा एखादा पॉल बसलेला असेल. त्याला सोपं करून घेताना आपण त्याच्या घरच्यांची हाक तोडत असतो. आणि जो गप्प बसतो, तो सभ्यपणाने का होईना, स्वतःच त्यात हातभार लावतो. नाव शिकायला थोडेच कष्ट पडतात. ते विचारावं, आणि आपलं असेल तर सांगावं.

मे महिन्यात तारीख लागली. मेव्हण्याने आणि मार्लीसने शपथ घेतली. मागच्या बाकावर येर आणि सासूबाई बसल्या होत्या. सासूबाईंनी सणाचा कशिदा केलेला अंगरखा घातला होता.

न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “कर्ज बुडवायला नाव बदलताय?”

“नाही.”

“पोलिसांना चुकवायला?”

“नाही, बाईसाहेब.”

“मग कुणाला फसवायला?”

“उलट आहे, बाईसाहेब. फसवणूक आजवर चालू होती.”

मार्लीस खाली मान घालून हसली. न्यायाधीशबाईंनी पेन उचललं. “कोणतं नाव हवंय, ते नोंदीसाठी मोठ्याने सांगा.”

तो ताठ उभा राहिला.

“निया पाओ खांग,” तो म्हणाला. “घरीही आणि कामावरही.”