आमची आपली बरी खेळते

अनाहेरा लाल मोजे घालून मैदानात उतरली तेव्हा नानांच्या हातातला थर्मास कलला आणि चहा बुटांवर सांडला. त्यांना वाटलं, धुक्याने चष्माच भरलाय. चष्मा काढून मफलरला पुसला, पुन्हा लावला. मोजे लालच होते. लाल मोजे म्हणजे सेंट व्हेरोनिका, आणि सेंट व्हेरोनिका म्हणजे शत्रुपक्ष.

"राजश्री, आपली अनाहेरा चुकून त्यांच्या घोळक्यात गेलीय का गं?" त्यांनी सुनेला विचारलं.

राजश्री घडीची खुर्ची उघडत होती. उघडून झाली तरी ती तिच्याशी चाळा करत राहिली. "चुकून नाही, नाना," ती म्हणाली. "ती फेब्रुवारीपासून तिकडेच आहे."

नानांना बसायचंही सुचेना. मोज्यांत चहा मुरत होता आणि ते उभ्याउभ्या त्या लाल मोज्यांकडे बघत होते. गेला सबंध मोसम ही पोरगी हिरव्या शर्टात खेळली होती. त्यांच्या डब्यातला चिवडा मूठमूठ खाऊन, नात सिद्धीचं ऐकून त्यांना 'आजोबा' म्हणत होती. आणि आता ती सिद्धीच्याच समोर उभी होती.

नाना, म्हणजे दीनानाथ पायगुडे, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होते. पण ओळख विचारली तर ते आधी सांगत, कारखान्याच्या हॉकी संघात बारा वर्षं लेफ्ट फुलबॅक. पत्नी शकुंतलाबाई गेल्यापासून ते निम्मं वर्ष खडकीला आणि निम्मं न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनला, मुलाकडे, असे असत. निम्मं म्हणजे बरोबर हॉकीचं निम्मं. मुलगा हरीश दूध पावडरीची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. नात सिद्धी रिव्हरबेंड कॉलेजात. तिकडे हायस्कुलालाच कॉलेज म्हणतात, हे नानांच्या गळी उतरायला एक हिवाळा लागला. रिव्हरबेंड मात्र पहिल्याच शनिवारी उतरलं. पोरगी ज्या संघात, तो आपला संघ, यात विचार करण्यासारखं काय आहे? या खेपेला तर ते खडकीच्या शेजारच्या दमयंतीवहिनींकडून रिव्हरबेंडच्या हिरव्या रंगाची माकडटोपी विणून घेऊन आले होते. बुधवारी विमानातून उतरले आणि शनिवारी ती टोपी घालून टर्फच्या कडेला हजर.

सेंट व्हेरोनिकावर त्यांचा मनापासून राग होता. त्या कॉलेजचं स्वतःचं टर्फ होतं, पगारी कोच होता, आणि दरवर्षी दुसऱ्या कॉलेजची एखादी चांगली मुलगी फी माफ करून ते उचलून न्यायचे. नानांच्या मते ही सरळ सरळ पळवापळवी होती. सासष्ट साली रेल्वेने त्यांना बोलावलं होतं, पक्की नोकरी देत होते, तरी ते खडकी सोडून गेले नाहीत. ही गोष्ट त्यांनी जेवणाच्या टेबलावर इतक्या वेळा सांगितली होती, की 'रेल्वे' शब्द आला की सिद्धी पुढचं वाक्य स्वतःच म्हणून टाकायची. "शर्ट बदलणाऱ्याला ग्राउंड ओळखत नाही." हेही ती नानांच्याच आवाजात म्हणायची.

पण सिद्धीला एक शर्ट हवा होता. काळा, न्यूझीलंडच्या संघाचा. पलंगासमोरच्या भिंतीवर तिने त्याचं चित्र लावलं होतं. सगळे म्हणत, आपल्या वायकाटो भागातून त्या शर्टाकडे जाणारी वाट सेंट व्हेरोनिकातून जाते. घरी हे कुणी नानांसमोर बोलत नसे.

सामना सुरू झाला. पहिल्या दहा मिनिटांत अनाहेराने पेनल्टी कॉर्नरवर असा फटका मारला, की गोलाची फळी दणाणली. परत जाताना ती नानांसमोरून गेली, जरा बिचकली आणि हळूच माओरीत नमस्कार करत म्हणाली, "कीआ ओरा, आजोबा."

नानांनी तोंड फिरवलं. सोळा वर्षांच्या पोरीकडून त्यांनी तोंड फिरवलं आणि वर पुटपुटले, "चिवडा खाऊन खाऊन उलटली."

"नाना, प्लीज," राजश्री म्हणाली. तिच्या आवाजात काहीतरी होतं. पण नाना रागावलेले असले, की त्यांना दुसऱ्याचा आवाज ऐकू येत नसे. ही फितुरी झाली कशी, कुणी केली, एवढंच त्यांच्या डोक्यात घोळत होतं.

मध्यंतरात ग्रॅहम आला.

गेल्या मोसमात नानांना मैदानावर मिळालेला हा एकुलता एक मित्र. साठीचा, उंच, कायम एक जुना रेनकोट. दर शनिवारी तो येऊन बाकावर बसायचा, नाना त्याला चहा द्यायचे आणि दोघं मुलींबद्दल बोलायचे. नानांचं इंग्रजी कारखान्यातल्या साहेबांशी बोलून कमावलेलं, क्रियापदं कमी पण धीट. यातली तुमची कुठली, असं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "सगळ्याच," असं म्हणून ग्रॅहम हसला होता. मोठ्या मनाचा आजोबा दिसतोय, असं नानांनी घरी येऊन सांगितलं होतं.

आज ग्रॅहमच्या अंगावर नवं लाल जाकीट होतं, आणि छातीवर सेंट व्हेरोनिकाचा बिल्ला.

"नाना! परत आलात तर," म्हणत तो नेहमीसारखा शेजारी टेकला आणि हात पुढे केला. नानांनी सवयीने डबा उघडला. डबा उघडून झाल्यावर त्यांना बिल्ला दिसला.

ग्रॅहमने काही लपवलं नाही. दहा वर्षं तो सेंट व्हेरोनिकासाठी मुली निवडत होता, मैदानावरच्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. नानांनाही असणारच, अशी त्याची समजूत होती. खेळ काय, खेळ तर दिसतोच, तो म्हणाला. पण घरी मुलगी कशी आहे, किती टिकेल, ते घरच्या माणसांकडूनच कळतं. म्हणून त्याला नानांचे आभार मानायचे होते. अनाहेरा तुम्ही म्हणालात तशीच निघाली. पहाटे उठते, भावंडांचं आवरून सरावाला येते, हरली तरी रडत बसत नाही. मग त्याने मैदानाकडे पाहिलं. चार नंबरची सिद्धी एकटीच स्टिकवर चेंडू उडवत उभी होती.

"तुमची अजून खेळतेय की," तो म्हणाला. "मला वाटलं डॉक्टरकीसाठी सोडली असेल. जागा एकच होती. खरं सांगू? मला तीच जास्त आवडली होती. पण वर्षात सोडून जाणार म्हटल्यावर घेणार कशी?"

नानांच्या हातातला डबा तसाच राहिला. सोडून जाणार, हे ह्याला कुणी सांगितलं, असं विचारायला त्यांनी तोंड उघडलं आणि विचारायच्या आतच त्यांना आठवलं.

गेल्या ऑगस्टमधला शनिवार होता. सिद्धीने अर्ध्या मैदानातून एकटीने चेंडू नेऊन गोल केला होता. बाकावरचे सगळे उठून उभे राहिले होते. नाना नव्हते राहिले. आपल्या पोराचं कौतुक आपण करायचं नसतं. त्यांच्या आईने केलं नव्हतं, वडिलांनी तर नाहीच. दृष्ट लागते, आणि शिवाय ते दिसतंही वाईट. "आजोबा, तुम्ही मला कधीच गुड म्हणत नाही," अशी सिद्धीची तक्रार असे, तेव्हा ते म्हणत, लोक म्हणतील की. त्या दिवशी ग्रॅहमने विचारलं होतं, चार नंबर तुमचीच ना, कशी आहे? आणि छाती फुटेल की काय असं वाटत असताना नाना म्हणाले होते, "अवर गर्ल? सो-सो. टाइमपास. नेक्स्ट इयर मेडिकल स्टडी, हॉकी फिनिश." आणि लगेच अनाहेराकडे बोट दाखवून, ती बघा, ती खरी खेळाडू, म्हणून तिचं तोंड भरून कौतुक केलं होतं. दुसऱ्याच्या मुलीचं करायचंच असतं.

त्यावर समोरच्याने म्हणायचं असतं, छे हो, असं कसं, तुमची तर सगळ्यांत उत्तम खेळते. खडकीत कुणीही म्हणालं असतं. आपण नको नको म्हणायचं आणि त्याने आग्रह धरायचा, असं ते बोलणं पुरं व्हायचं. नाना त्या वाक्यासाठी थांबलेही होते. ग्रॅहमने फक्त मान हलवली होती आणि आणखी थोडा चिवडा घेतला होता. माणूस तसा रुक्षच, असं तेव्हा त्यांच्या मनात आलं होतं.

आता त्यांनी डबा बाकावर ठेवला. मेडिकल कुठलं? सिद्धीला रक्त बघून घेरी यायची. त्यांनी ग्रॅहमची बाही धरली. ते खोटं होतं, असं त्यांना सांगायचं होतं. म्हणजे खोटं नव्हे, आमच्याकडे तसं बोलतात. पण त्याला इंग्रजीत काय म्हणतात हे त्यांना माहीत नव्हतं. साहेबांशी तसं बोलायची वेळच कधी आली नव्हती. "शी इज बेस्ट," ते म्हणाले. "आय टेल राँग. यू टेक हर."

ग्रॅहमचाही चेहरा उतरला. पुढल्या वर्षी सिद्धीचं शेवटचं वर्ष, आणि शेवटच्या वर्षाला ते कुणाला घेत नाहीत, हे त्याने सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. "सॉरी, मेट," म्हणून तो उठला. डबा तिथेच उघडा होता, त्याने त्याला हात लावला नाही.

दुसरा अर्धा डाव नानांनी पाहिला, असं म्हणायचं एवढंच. सिद्धी जीव तोडून खेळत होती, दोनदा तिने अनाहेराच्या स्टिकवरून चेंडू काढून घेतला. एक-तीनने रिव्हरबेंड हरलं. शिटी झाल्यावर दोघी मैत्रिणी गळ्यात गळा घालून आल्या. अनाहेरा चार पावलं मागे थांबली. नानांनी डबा तिच्यापुढे धरला. "घे," ते म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही." तिला मराठी कळत नव्हतं, पण डबा कळला.

हरीश कामासाठी पोरिरुआला गेला होता, म्हणून गाडी राजश्रीच चालवत होती. नाना पुढे, सिद्धी मागे. नदीवरचा पूल आला. मग समोरच्या काचेकडे बघत नाना म्हणाले, "सिद्धी, ती जागा तुझी होती. मी घालवली. त्या ग्रॅहमला मी काहीबाही बोललो होतो."

"आय नो, आजोबा," मागून आवाज आला.

नाना अख्खे वळले. सीटबेल्ट गळ्यात रुतला. राजश्रीने सांगितलं, की नोव्हेंबरातच कळलं होतं. हरीशने ग्रॅहमला फोन करून कारण विचारलं होतं. नाना तेव्हा नुकतेच खडकीला परतले होते. त्यांना सांगायचं नाही, असं हरीशने ठरवलं. सांगितलं तर ते परत यायचेच नाहीत, ग्राउंडवर तर नाहीच नाही. म्हणजे सहा महिने, दर रविवारच्या फोनवर ही तिघं त्यांच्याशी हवापाण्याचं बोलत होती आणि ते पलीकडून हिरव्या लोकरीची छटा विचारत होते.

"तू मला चार शिव्या तरी घालायच्यास," नाना म्हणाले.

"रडले ना मी. खूप. हीप्स." सिद्धी खिडकीबाहेर बघत होती. "बाबा म्हणाले, खडकीत सगळे असंच बोलतात, दे डोंट मीन इट. मग ओके झालं. स्कॉलरशिपचं ओके झालं." ती थांबली. "पण तुम्हाला खरंच तसं वाटत होतं का? सो-सो?"

"नाही," एवढंच नाना म्हणाले. सिद्धीने "ओके" म्हटलं आणि गाडी घरापाशी थांबली. पायऱ्या चढताना त्यांच्या ध्यानात आलं, की आपण नाही म्हणालो, पण होय असं अजून काहीच म्हणालो नाही.

पुढच्या शनिवारी सामना कुठल्याशा साध्या कॉलेजशी होता. निवडायला कुणी आलेलं नव्हतं. नाना हिरवी माकडटोपी घालून त्याच बाकावर बसले. समोरच्या संघातल्या कुणाची तरी आई शेजारी येऊन बसली. थंडीने हात चोळत, काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं, तुमची कुठली?

'सो-सो' अगदी ओठांवर आलं. सत्तर वर्षांची जीभ, ती आपल्या वळणानेच जाणार. नाना काठी टेकून उभे राहिले.

"नंबर फोर," ते म्हणाले. बाईंना ऐकू यायला लागलं असतं त्याच्या चौपट मोठ्याने. "माय ग्रँडडॉटर. बेस्ट प्लेयर. बेस्ट ऑन धिस ग्राउंड."

सिद्धी पाच हातांवर, साइडलाइनवर चेंडू लावत होती. ती वाकलेलीच थांबली. अंपायरने उशीर होतोय म्हणून शिटी वाजवली, तेव्हा कुठे तिने चेंडू मारला आणि धावत सुटली.

बाईंनी कौतुकाने मान हलवली आणि मैदानाकडे पाहिलं. त्यांचं लक्ष नाही अशी खात्री करून घेऊन नाना खाली बसले, आणि माकडटोपीवरूनच त्यांनी दोन्ही कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.