आरशाचं कपाट

पट्टीचा शेवटचा स्क्रू काही केल्या निघेना. मी स्टुलावर चढलेलो, खाली सुधा स्टूल धरून उभी, आणि दारात जिव्या आणि त्याचा भाचा काळ्या दोरखंड घेऊन ताटकळलेले.

"अहो, जमत नसेल तर त्यांना चढू द्या," सुधा म्हणाली.

"मी बसवलाय, मीच काढणार."

सदतीस वर्षं सरकारी कारकुनी केलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने केलेली कामं बोटांवर मोजण्याइतकीच असतात. ती पट्टी हे माझं त्यातलं एक. साधी, काटकोनात वाकवलेली लोखंडी पट्टी. तिचं एक टोक कपाटाच्या माथ्याला, दुसरं भिंतीला. त्या बाजूचे स्क्रू पाच वर्षांत गंजून घट्ट झाले होते.

मी ती बसवली ती दोन हजार अठराच्या शेवटी. आमच्या भागात भूकंपाचे धक्के सुरू झाले तेव्हा मी तलासरीला कामाला होतो. पंचनाम्याचे कागद घेऊन पाड्यापाड्यांवर फिरलो. पक्क्या घरांना तडे गेलेले, लोक थंडीत बाहेर तंबूत झोपलेले. कुडाची घरं मात्र जागच्या जागी उभी. कारवीच्या काड्या उभ्या करून शेणामातीने लिंपलेली ती भिंत हलते, पण कोसळत नाही. अशा घराच्या पंचनाम्यात मी नुकसानीच्या रकान्यात 'निरंक' लिहायचो आणि पुढच्या घराकडे वळायचो. एका सिमेंटच्या घरात मात्र फळीवरचा पितळी हंडा पडून म्हातारीचं डोकं फुटलेलं पाहिलं. त्याच संध्याकाळी घरी येताना चारोटीला उतरलो, हार्डवेअरच्या दुकानातून पट्टी आणि चार स्क्रू घेतले आणि जेवायच्या आधी आमच्या मसोलीच्या घरातलं हे कपाट भिंतीला जखडून टाकलं. सुधाने तेव्हा माझं कौतुक केलं होतं. तेही बोटांवर मोजण्याइतक्या प्रसंगांतलं एक.

पण तिची भीती गेली नाही. कपाट आमच्या पायथ्याशी होतं. जरा धक्का बसला की दाराचा आरसा थरथरायचा आणि ती उठून बसायची. शाळेतून निवृत्त झाल्यावर तिला फोनवरच्या व्हिडिओंत एक हिंदी बोलणारी बाई सापडली. घर रिकामं करा, मन रिकामं होतं, असं ती बाई सांगायची. वर्षभरात ज्या वस्तूला हात लावला नाही ती घरात नको, असा तिचा नियम.

"मग आधी मलाच काढावं लागेल," मी म्हणालो.

सुधा हसली नाही. "मला मोकळ्या खोलीत झोपायचंय हो. डोक्यावर, पायथ्याशी, काही नको."

तीन महिन्यांत घरातून काय काय गेलं! माळ्यावरचे डबे, पाहुण्यांच्या गाद्या, जुना मिक्सर, दोन खुर्च्या, श्रुतिकाचं अभ्यासाचं टेबल. पुण्याहून श्रुतिकाने फोनवर "आई, ग्रेट!" म्हणून शाबासकी दिली. आणि हे सगळं गेलं शुक्रीकडे. शुक्री अकरा वर्षं आमच्याकडे धुण्याभांड्याला येत होती, कैनाडच्या पुढच्या एका पाड्यावरून, रोज सकाळी शेअर रिक्षाने. जे जाईल ते एकाच घरी जावं, गरजूला मिळावं, असं सुधाला वाटायचं. मलाही वाटायचं. आपण काही चांगलं करतोय या समाधानात आम्ही दोघं तीन महिने मजेत होतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

शेवटी राहिलं कपाट. स्क्रू निघाला. जिव्या आत आला. शुक्रीचा हा नवरा चिकूच्या वाड्यांत कामाला जायचा. अंगाने काटकुळा, बोलायला अगदी कमी. त्याने कपाटाला हात लावला आणि तिथेच थांबला. आरशात त्याला तो स्वतः दिसत होता.

"काळ्या, बघ," तो हळूच म्हणाला. "पायापर्यंत दिसतो."

"मामा, उचल आता. पिकअप रस्त्यात उभी हाय."

ते दोघं कपाट आडवं करून बाहेर नेत होते. जिव्या दारातून मागे वळला आणि माझ्या हातातल्या पट्टीकडे बोट दाखवून म्हणाला, "सायेब, ती पण लागंल का?"

मी हसत म्हणालो, "अरे, ही ठोकायला भिंत लागते. तुझ्या घराला भिंत आहे कुठे?"

तोही हसला. मी पट्टी आणि चार स्क्रू डब्यात टाकले, खिळे-मोळे ठेवायच्या. तेवढा एक डबा सुधाच्या तावडीतून वाचला होता.

खोली खरंच मोकळी झाली. जमिनीवर एक गादी, खिडकीत पाण्याचा तांब्या, बस. मला सुरुवातीला चुकल्यासारखं झालं, मग आवडायला लागलं. सुधा कित्येक वर्षांनी गाढ झोपू लागली. आणि शुक्री रोज भांडी घासता घासता कपाटाच्या गोष्टी सांगायची. पाड्यावरच्या पोरी आरशात बघायला येतात. जिव्या कामाला जायच्या आधी भांग पाडतो, या वयात! उंदरांचा उपद्रव म्हणून बियाण्याचं भात डब्यांत भरून वरच्या कप्प्यात ठेवलंय.

"पन जमीन सारवलेली ना बाय, सपाट नाय," ती एकदा म्हणाली. "एक पाय अधर राहतो. कौलाचा तुकडा लावलाय."

"चालतंय," मी पेपरमागून म्हणालो. मी ते ऐकलं होतं. वर जड, खाली डुगडुगतं, मागे आधार नाही. असं कपाट पडतं हे मला माहीत होतं. माझ्या घरात पडू नये म्हणून मी चारोटीला उतरलो होतो. आणि तरी मी "चालतंय" म्हणालो आणि पान उलटलं.

तो शनिवार होता. दुपारचे तीन वाजले असतील. आम्ही दोघं मोकळ्या खोलीत पडलो होतो. धक्का बऱ्यापैकी मोठा होता, तांब्यातलं पाणी हिंदकळलं. सुधाने माझा हात धरला. मग थांबलं सगळं. तिने चारी भिंतींकडे पाहिलं आणि हसून म्हणाली, "बघितलंत? काही पडलं नाही."

आम्ही चहा केला. पाच वाजता काळ्याचा फोन आला.

आम्ही रिक्षा करून गेलो. शुक्रीचं घर मी पहिल्यांदाच पाहत होतो. अकरा वर्षांत कधी गेलो नव्हतो. घर जसंच्या तसं उभं होतं, कुडाला भेगसुद्धा नव्हती. कपाट ओढून अंगणात ठेवलेलं, आणि त्याच्या आरशाला तडा गेला नव्हता. तो का गेला नव्हता हे माझ्या लक्षात आलं आणि मी मान फिरवली. जिव्या कामावरून येऊन जेवून आडवा झाला होता. लहान धक्क्यांना आता कोणी घराबाहेर पळत नाही, सवय झालीय. शुक्री विहिरीवर होती. ती आली तेव्हा कपाट त्याच्या छातीवर होतं आणि भात सगळ्या घरभर.

तलाठी आला होता. दीपेश. माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा. त्याने मला बाजूला घेतलं.

"भाऊसाहेब, तुम्हीच सांगा. घराला काही झालेलं नाही. नुकसानीत काय लिहू?"

मी त्याच्या कागदाकडे पाहिलं. तोच नमुना, तेच रकाने. घराच्या नुकसानीच्या रकान्यात एकच शब्द बसत होता.

"निरंक," मी म्हणालो.

त्याने लिहिलं.

शुक्री भिंतीशी बसली होती. तिने आमच्याकडे पाहिलं, पण ओळखल्याचं दाखवलं नाही. सुधा तिच्याजवळ जाऊन बसली आणि तिच्याआधी हीच हुंदके द्यायला लागली. पाड्यावरच्या बाया सुधाला पाणी देऊ लागल्या. मला ते बघवेना.

घरी परतताना मी रिक्षात बोलत होतो. आपण काय मुद्दाम दिलं का, चांगल्या मनाने दिलं, धक्का काय आपल्या हातात असतो का, वगैरे. कैनाड मागे पडल्यावर सुधा म्हणाली, "पट्टी का नाही दिलीत?"

एवढंच. पुन्हा तिने विचारलं नाही. पण त्या रात्रीपासून तिची झोप गेली ती गेलीच.

मी ठरवलं होतं, शुक्रीला सांगायचं. तिच्या नवऱ्याने मागितली होती आणि मी थट्टा करून ठेवून घेतली. तिला हे कळलं पाहिजे. मग ती मला काय बोलायचं ते बोलेल. रोज सकाळी मनाशी वाक्यं जुळवायचो. शुक्री येत नव्हती. तीन आठवडे आली नाही आणि मला, खरं सांगतो, रोज दहा वाजून गेले की सुटल्यासारखं वाटायचं.

चौथ्या आठवड्यात फाटकाशी पिकअप थांबली. पुढे काळ्याशेजारी शुक्री. मागे आमचं घर होतं. खुर्च्या, टेबल, गाद्या, मिक्सर, एकात एक घातलेले डबे आणि वर दोरीने बांधलेलं कपाट. सगळं धुतलेलं. गाद्यांच्या खोळीसुद्धा धुऊन पुन्हा घातल्या होत्या. काळ्याने एकेक वस्तू अंगणात उतरवायला सुरुवात केली.

"शुक्री, अगं हे कशाला?" सुधा पायऱ्या उतरून धावली. "तुला नको असेल तर कुणाला तरी देऊन टाक."

"कोनाला देऊ, बाय?"

सुधा उतरवलेल्या खुर्चीला धरून उभी राहिली.

"तुमचा सामान तुमचे घरात बरा," शुक्री म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. भांडी झाली, निघते, असं सांगावं तसा होता. "आमचे घरात पयले पडायसारका काय नव्हता."

मी आत गेलो. खिळ्या-मोळ्यांचा डबा उघडला. पट्टी काढून बाहेर आणली आणि तिच्यासमोर धरली. जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही.

"शुक्री, ही पट्टी. जिव्याने त्या दिवशी मागितली होती. मी दिली नाही."

"माहीत हाय."

"माहीत आहे?"

"त्याने घरी येऊन सांगितला ना. बोलला, सायबांचा बरोबर हाय, आपले घराला भिंत कुठं. मग त्याने खांब पुरला."

"कसला खांब?"

"ऐनाचे लाकडाचा. कपाटाचे मागं. दोन दिवस खड्डा खणत होता. पट्टी येईपर्यंत सुतळी बांधून ठेवली होती, ती तुटली." ती थांबली. "बोलला, गुरवारी जातो, सायबांकडून पट्टी मागून आणतो. मी बोलले, मी आणते की, रोज जाते. तर बोलला, तू नको मागू, तू कामाला जाते तिथं. मग गुरवारी सकाळी बोलला, नको, सायेब परत हसतील. रविवारी जाईन."

शनिवारी धक्का बसला होता.

मला लाज वाटली. सदतीस वर्षांत साहेबांनी चारचौघांत झापलं तेव्हा वाटली ती लाज निराळी होती. ही आतून वर येत होती आणि हिला कुठे तोंड लपवायची सोय नव्हती. मी माफ कर म्हणालो असेन. नक्की आठवत नाही.

शुक्रीने हात पुढे केला. "ती द्या."

"आता कशाला?" हे माझ्याने बोलून गेलं.

"त्याला मागायची होती," ती म्हणाली.

मी दिली. परत आत जाऊन चार स्क्रूही आणून दिले. तिने ते पट्टीसोबत पदराच्या टोकाला बांधले, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि पिकअपमध्ये जाऊन बसली. काळ्याने कपाट तेवढं आतल्या खोलीत आणून द्यावं का, असं मला विचारलं. मी हो म्हणालो. "उभा करू का?" त्याने विचारलं. मी नको म्हणालो.

शुक्री पुन्हा कामाला आली नाही. सुधा भांडी स्वतः घासते. फोनवरची ती बाई तिने बंद केली. बाकीचं सामान अंगणातून पडवीत आलं, ते तिथेच आहे, त्याला कोणी हात लावत नाही. आम्ही बाहेरच्या खोलीत झोपतो.

कपाट मोकळ्या खोलीत जमिनीवर पाठीवर पडलेलं आहे, आरसा छताकडे. उभं करायचं तर पट्टी हवी, आणि चारोटीच्या त्या दुकानात जायला माझे पाय उचलत नाहीत. दोन-चार दिवसांनी आरशावर धूळ बसते. सुधा झोपलेली असली की मी फडकं घेऊन आत जातो आणि गुडघ्यांवर बसून तो पुसतो. वरून वाकून पाहिलं की त्यात माझा चेहरा आणि खांदे एवढंच दिसतं. पायापर्यंत दिसत नाही.