पोटातला कापूस

त्या संध्याकाळी भावोजी दारातून सहज आत आले आणि आमचं नाटक बंद पडता पडता राहिलं.

माणूस दारातून आत आला यात बोंब मारण्यासारखं काय, असं कोणी विचारेल. पण भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, या नाटकात एका खाणावळीच्या लठ्ठ मालकाचं काम करतात, आणि दुसऱ्या अंकात हा मालक स्वतःच्याच स्वयंपाकघराच्या दारात अडकतो. सरळ जायला बघतो तर दोन्ही बाजू अडतात. अंग आडवं करतो तर पोट अडतं. गिऱ्हाईकं पुढून ओढतात, आचारी मागून ढकलतो, आणि या खेचाखेचीत मालक चिडून एकेकाची गुपितं फोडत सुटतो. लोक तिकीट काढतात ते या दारासाठी.

त्या दिवशी भावोजींनी अंग आडवं केलं आणि काही अडलंच नाही, अल्लद आत. आचाऱ्याचं काम करणारा जोरात ढकलायला धावला, पण पुढे ढकलायला कोणी नव्हतं, तोच तोंडावर आपटला. भावोजी मुरलेले नट. ते शांतपणे म्हणाले, "अरेच्चा, छत्री बाहेर राहिली," आणि परत बाहेर गेले. दुसऱ्या खेपेला छाती फुगवून, हातपाय झाडून ते कसेबसे अडकले. लोक हसले, पण ते हसू उसनं होतं.

पडदा पडल्यावर दिग्दर्शक तडक माझ्याकडे आला. नाटकातले कपडे मी सांभाळते.

"पोट कुठे गेलं?" तो ओरडला.

पोटाची गोष्ट अशी. हे नाटक बसलं तेव्हा भावोजींना स्वतःचं पोट होतं, आणि ते भलंमोठं होतं. सुताराने त्यांनाच उभं करून दाराची चौकट बेतली. मग जिने चढताना त्यांना धाप लागायला लागली, साखर वाढली, आणि ताईने रडून, भांडून, अबोला धरून त्यांना ऑपरेशनला तयार केलं. डॉक्टरांनी जठर कापून लहान केलं. वजन उतरत गेलं. सगळ्यांना आनंद झाला, पण दाराची पंचाईत झाली. मग मी जाड कापडाची एक बंडी शिवली, तिला पुढून मोठे कप्पे केले, पाठीमागे पट्टा लावला, आणि भावोजींना चौकटीत उभं करून ते अडकेपर्यंत कप्प्यांत कापूस भरला. माप टेपने घेतलंच नाही, दारालाच विचारलं.

"मेहुणीबाई, माझं जुनं पोट तू परत शिवलंस की गं," तेव्हा ते कौतुकाने म्हणाले होते. प्रयोग संपला की पट्टा सोडून पोट खुर्चीवर आपटायचे आणि त्याला म्हणायचे, "बस इथेच. घरी येऊ नकोस."

हल्ली मात्र त्यांचा विनोद बदलला होता. पोट बांधताना म्हणायचे, "थोडे दिवस थांब. मग हे लागणारच नाही. आतूनच येईल." सगळे हसायचे. ते स्वतः हसत नसत, हे मला खटकायचं.

मी जात्याच चोंबडी आहे. लोकांच्या भानगडीत नाक खुपसल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. दिग्दर्शक ओरडून गेल्यावर मी पोट हातात घेतलं तर ते हलकं लागलं. उलटं केलं. कप्प्याच्या तळाशी जी शिवण होती ती माझी नव्हती. माझा टाका बारीक असतो, आणि हे टाके ढांगा टाकत गेले होते. म्हणजे कोणीतरी कप्पा उसवून कापूस काढला होता आणि वर शिवूनही ठेवला होता. उंदरांवरचा संशय तिथेच मिटला. उंदीर शिवत नाहीत.

मग कोण? आचारी झालेल्या नटाचा भावोजींच्या भूमिकेवर डोळा आहे हे सगळ्यांना माहीत होतं. मी त्याची पेटी उचकली. आत पावडर आणि आरसा निघाला, कापसाचं बोंडही नाही. धोब्याला विचारलं. तो इतका दुखावला की मलाच समजूत काढावी लागली. थकून मी मेकअपच्या खोलीत भावोजींच्या खुर्चीवर बसले आणि डोकं खाजवायला लागले.

बसल्या बसल्या ताईचं बोलणं आठवलं. ती अधूनमधून फोन करून इकडचं तिकडचं बोलायची आणि ठेवता ठेवता विचारायची, "कपडे घट्ट होतात का गं त्याला?" मी म्हणायचे, तूच विचार ना. तर म्हणायची, "विचारलं तर चिडतो. वजनाचा काटा आधी कपाटावर ठेवला, आता घरातच नाही. तपासणीचं दवाखान्यातून बोलावणं आलं की त्याच दिवशी नेमकी तालीम निघते. आणि माझ्याबरोबर जेवत नाही गं. घरी म्हणतो तिकडे खाल्लं. तिकडे काय म्हणतो?"

तिकडे, म्हणजे इकडे, ते म्हणायचे घरी जाऊन खाईन.

"मी काही त्याची पोलीस नाही," ताई म्हणाली होती. "पण समोर बसून जेवणारा माणूस उठून गेला ना, की घास घशाखाली उतरत नाही."

हे सगळं आठवत मी आरामात बसले होते. आणि मग तो आरामच मला टोचला. या खुर्चीवरची उशी इतकी चपटी होती की खालची फळी लागायची. ती एवढी गुबगुबीत कधी झाली? मी उठले, उशी उलटी केली. कडेला तेच ढांगा टाकणारे टाके! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे तर मी कळशावरच बसले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भावोजींना लवकर बोलावलं. रंगमंच मोकळा होता, खाणावळीचा देखावा लावलेला होता. खाणावळीच्या टेबलावर एका बाजूला पोट ठेवलं, दुसऱ्या बाजूला उशी.

"उंदीर सापडला," मी म्हटलं.

भावोजींनी उशीकडे पाहिलं. मग बाकावर बसले. "ताईला सांगितलंस?"

"अजून नाही. आधी मला सांगा, कापूस का काढलात?"

"वजन वाढतंय. आतून जेवढं आलं तेवढं बाहेरून काढलं. तुला कळू नये म्हणून."

"किती आलं?"

"माहीत नाही."

"काट्यावर उभं राहिलात तर…"

"काट्याचं नाव काढू नकोस!" ते उसळले. मग आवाज खाली आला. "एक दिवस पट्टा घट्ट लागला. एकच घर सैल करावं लागलं. मला घाम फुटला. मूठभर कापूस काढला, बरं वाटलं. आधी घट्ट लागला म्हणून काढला. मग घट्ट लागेल म्हणून काढत गेलो. तुझ्या ताईने दवाखान्याच्या बाकावर बसून रात्री काढल्या. नाटक कंपनीतल्या प्रत्येकाने पाठ थोपटली. आणि मी पुन्हा होतो तिथेच चाललोय. कुठल्या तोंडाने डॉक्टरांकडे जाऊ?"

खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. पण त्याहून जास्त कुतूहल वाटलं. कारण जेवढं आलं तेवढंच यांनी काढलं असतं, तर काल ते पहिल्यासारखे दारात अडकायला हवे होते. अडकले नाहीत. याचा अर्थ एकच होता.

"उठा," मी म्हटलं. "पोट बांधा आणि दारात उभे राहा."

"कशाला?"

"मला बघायचंय."

कुरकुरत त्यांनी पोट बांधलं आणि चौकटीत आडवे उभे राहिले. पाठ चौकटीच्या एका खांबाला, पोटापुढे मात्र दुसऱ्या खांबापर्यंत माझा हात सहज जाईल एवढी जागा. मी उशी उसवली, मूठभर कापूस काढला आणि कप्प्यात कोंबला.

"अडकलात?"

"नाही."

आणखी एक मूठ. "आता?"

"नाही. गुदगुल्या होतात."

आणखी. उशी मऊ पडत चालली. सुरुवातीला भावोजी डोळे मिटून, दात काढायला बसलेल्या माणसासारखे उभे होते. मग हळूच त्यांनी एक डोळा उघडला. मग मान वाकवून स्वतःच बघायला लागले. "थांब थांब," ते म्हणाले, "मी श्वास आत ओढून धरलाय. ही लबाडी झाली. सोडतो." श्वास सोडला तरी फट होती. "उजवीकडच्या कप्प्यात घाल, तिथून मी जास्त काढला होता." आता त्यांनाही बघायचं होतं.

शेवटी एकदा कापड खांबाला टेकलं. आणखी एक मूठ कोंबली आणि भावोजींनी पुढे जायचा प्रयत्न केला. मग मागे.

"मेहुणीबाई, अडकलो!" ते ओरडले. "खराखुरा अडकलो!" एवढा आनंद त्यांच्या तोंडावर मी टाळ्या पडतानाही पाहिला नव्हता.

मी उशी झटकली. तळाशी उरलेला कापूस काढून ओंजळीत घेतला आणि त्यांच्यासमोर धरला. तान्ह्या बाळाच्या उशीला पुरेल एवढा होता.

"हे आलं परत," मी म्हटलं.

"एवढंच?"

"एवढंच. बाकीचं तुम्ही भीतीने काढलेलं."

त्यांनी बोटाने तो कापूस दाबून पाहिला. मग त्यांच्यातला शंकेखोर जागा झाला. "कापूस दबतो गं. वर्षभरात बसला असेल."

"बसला असेल. मी काही डॉक्टर नाही आणि हे दार म्हणजे काही काटा नाही. खरं काय ते काटाच सांगेल, आणि हे वाढू नये म्हणून काय करायचं ते डॉक्टर सांगतील. थोडं परत येतं हे त्यांनी ऑपरेशनच्या आधीच बजावलं होतं, मीही होते तिथे. पण हे बघा," आणि मी त्यांच्या पोटावर दोन्ही हातांनी थापा मारल्या, "हे एवढं सगळं अजून कापसाचं आहे. तुमचं नाही."

भावोजींनी पोटाकडे पाहिलं, माझ्या ओंजळीकडे पाहिलं. दारात अडकल्यामुळे त्यांना तोंड लपवायला जागा नव्हती. नाटकातल्या मालकासारखेच तेही मग भडाभडा बोलले. "तिच्यासमोर घास उचलला की वाटतं, ही मोजतेय. म्हणून उभ्या उभ्या, कोपऱ्यात, भराभरा खातो. तसं खाल्लं की जास्त जातं. सगळं उलटंच होतं बघ."

"तिला सांगितलंत हे?"

"तुला कसंबसं सांगितलं, ते अडकलोय म्हणून."

पुढचा दिवस सुट्टीचा होता. दुपारी भावोजींनी तो उरलेला कापूस पिशवीत घालून घरी नेला. मला कोणी बोलावलं नव्हतं, म्हणून मी गेले. ताई एकटीच जेवायला बसत होती. भावोजींनी तिच्या ताटाशेजारी कापूस ठेवला आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. पट्टा, उशी, दार, काहीच गाळलं नाही. उद्या तपासणीला जातो, तूही चल, असंही म्हणाले.

ताईने कापूस उचलला. मुठीत दाबला. तो एका मुठीत जवळजवळ मावला.

मला वाटलं ती चिडेल, किंवा हसेल तरी. तिचे डोळे भरून आले.

"एवढ्याशासाठी," ती म्हणाली, "इतके महिने मला एकटीला जेवायला लावलंस?"

 एरवी छत्री विसरलो म्हणून वेळ मारून नेणारा माणूस, रिकाम्या पिशवीची घडी घालत राहिला.

ताईने कापूस बाजूला सरकवला, त्यांची छोटी ताटली आणली आणि आपल्यासमोर ठेवली. "बस," ती म्हणाली.

ते बसले. डॉक्टरांनी शिकवलं होतं तसा एकेक घास चावून चावून खाऊ लागले. पहिल्या घासाला त्यांनी चोरून ताईकडे पाहिलं. ती स्वतःच्या ताटाकडे बघून जेवत होती. तिचं जेवण कधीच आटोपलं, पण हात वाळला तरी ती उठली नाही.