होडी घेतली, वल्ही वेगळी

"आधी पुस्तक, मग बटण! हात काढ, घुम्या!"

ताईचा तो आवाज अजून त्याच्या कानात होता. तेव्हा व्हिडिओ गेम खोक्यातून यायचा आणि खोक्यात एक पुस्तिका असायची. ताई पालथी पडून ती मोठ्याने वाचायची. ती पान उलटायची, त्याच्यापुढे वाट उलगडायची. इथे पूल, तिथे राक्षस. इथे उडी, तिथे दडी.

आता घुम्या एका गेम कंपनीच्या तक्रार विभागात हेडफोन लावून बसायचा. नाव तक्रार विभाग; काम, तक्रार ऐकलीच नाही असं गोड बोलण्याचं. उत्तरं पडद्यावर ठरलेली. त्याबाहेर एक शब्द काढायचा नाही. साहेब मधूनच कुणाचाही फोन ऐकत. ते ऐकू लागले की टेबलावर लाल दिवा लागायचा.

कंपनीचा नवा गेम ताईने त्याच्याच सांगण्यावरून डाउनलोड केला होता. ती एका गावी, हा दुसऱ्या; दर रविवारी दोघं आपापल्या घरून तो एकत्र खेळत. भावंडांचं बोलणं उरलं होतं ते तेवढंच.

आज फोन उचलला, तर तीच.

"ताई? अगं, माझ्या नंबरवर करायचास ना!"

"ताईबिई नाही, गिऱ्हाईक बोलतंय. लावून लावून शेवटी तू लागलास. होडी विकत घेतली, तर वल्ही वेगळी! वल्ही घेतली, तर नदीत भोवरा. त्यातून निघायचं कसं? पुस्तिका कुठंय?"

"आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत," घुम्याने वाचलं.

"ही दिलगिरी फुकट की तिचेही पैसे?"

शेजारच्या टेबलावर कुणीतरी फिस्सकन हसलं.

"स्वतः शोधत खेळण्यातच खरी मजा—"

"मजा? मघापासून गरगर फिरतेय. लेक विचारते, आई, मशीनमध्ये कपडे धुतेस का गं? ऐक, कसं निघायचं ते सांग, नाहीतर आत्ता काढून टाकते हा गेम. रविवारी फोनच करू. 'जेवलास?' 'हो.' 'बरं, ठेवते.'"

फोनवर दोघांचं बोलणं खरंच तेवढंच व्हायचं.

लाल दिवा लागला. पडद्यावर पुढचं उत्तर झळकलं: भोवऱ्याचा नकाशा आमच्या दुकानात सवलतीत उपलब्ध.

"बोल की! वाचता येईना का? लहानपणीही येत नव्हतं. माझाच घसा कोरडा."

घुम्याने पडद्यावरून नजर हटवली.

"वल्ही आत घे, ताई. काही करू नकोस. भोवराच तुला काठाला लावतो. फुकट."

काचेआड साहेब खुर्चीतून उठले.

"अरे, खरंच की! लागली काठाला!"

"आणि ताई..." साहेबांनी दार उघडलं. घुम्या घाईने म्हणाला, "मला तेव्हाही वाचता येत होतं. तू वाचत राहावंस, म्हणून बोललो नाही."